रानाला घास आपण घालतो, हिशोब कोण देणार?

वाघबारस जवळ आली. गावोगाव वाघदेवाला शेंदूर लागेल, नारळ फुटेल. आपल्या बापजाद्यांनी लाकडावर आणि दगडावर वाघ कोरला, मोर कोरला, नाग कोरला, वर चंद्र-सूर्य कोरले. रान आपल्या एकट्याचं नाही, हे आपल्याला कोणी कायदा करून शिकवलेलं नाही. खळ्यावर पाखरानं चार दाणे टिपले म्हणून आपण कधी तक्रार केली नाही.

पण आता गोष्ट चार दाण्यांची राहिलेली नाही. हरसूलच्या कोणत्याही पाड्यावर आज रात्री जा. नागली पोटरीतून बाहेर आली आहे, भात भरलं आहे, आणि प्रत्येक उतारावर माळा बांधलेला आहे. माळ्यावर म्हातारा, नाहीतर बाई, नाहीतर शाळेत असायला हवा होता तो पोरगा. हातात डबा आणि काठी. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून जातो. दिवसा माकडं आणि मोर, रात्री डुक्कर आणि साळिंदर. जिथे झाडी दाट आहे तिथे भेकरही येतं. आम्ही पेरतो, आम्हीच राखतो आणि त्यातलं ते खातात.

अमेरिकेत काही जमीनमालक मुद्दाम हरणांसाठी शेत पेरतात. गवत, ओट, सलगम असलं काही लावतात. हरणं यावीत, शिकारीच्या हंगामात ती तिथं सापडावीत, म्हणून. काही मालक शिकाऱ्यांकडून जमिनीचं भाडंही घेतात. असा मालक पेरण्याआधी कागद घेऊन बसतो. माती तपासायचा खर्च, चुना, बी, खत, ट्रॅक्टरचं डिझेल. एवढा खर्च परवडतो का, हे बघतो, आणि परवडत नसेल तर पेरत नाही. तो त्याचा शौक आहे, खर्चही त्याचाच.

आपण हरणासाठी पेरत नाही, पोरांसाठी पेरतो. पण रानातल्या जनावराचं पोट आपल्याच शेतावर भरतं. म्हणजे आपलं शेतही त्याच्या चाऱ्याचं शेत झालं, फक्त आपल्याला कोणी विचारलं नाही आणि कागद घेऊन कोणी बसलं नाही. म्हणून तो हिशोब आज आपणच मांडू.

समजा दोन एकर उताराची नागली आहे. एकरी चार क्विंटल धरू, म्हणजे आठ क्विंटल. २०२४-२५ साठी केंद्र सरकारनं नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये ठरवला आहे. बाजारात तेवढा मिळतोच असं नाही, पण तोच धरू. आठ क्विंटलचे झाले ३४,३२० रुपये. आता राखण. कणीस बाहेर पडल्यापासून कापणी होईपर्यंत दीड महिना, म्हणजे ४५ रात्री एक माणूस माळ्यावर. रोजगार हमीची २०२४-२५ ची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दरानं ४५ रात्रींचे होतात १३,३६५ रुपये. एवढं राखूनही चौथा हिस्सा डुकरांनी खाल्ला तर आणखी ८,५८० रुपये गेले. उरले १२,३७५. त्यातून बी, नांगरट, लावणी, निंदणी, कापणी, झोडणी.

या हिशोबात एक गोष्ट नीट बघा. जनावरानं खाल्लं त्यापेक्षा राखणीचा खर्च जास्त आहे. आणि पंचनाम्यात काय लिहिलं जातं? फक्त खाल्लेलं. ज्यानं रात्र-रात्र जागून पीक वाचवलं, त्याचं नुकसान कमी दिसतं, म्हणून भरपाईही कमी. त्याच्या झोपेचा रकाना त्या कागदावर नाही.

आणि हाच महिना द्राक्षाच्या गोडी छाटणीचा. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात, दिंडोरी-निफाडचे बागायतदार गाड्या घेऊन येतात. रात्रभर डबा वाजवलेला माणूस पहाटे उठून तिथं कसा पोचणार? रोख पैसा मिळायचा दिवस तोच आणि राखणीची रात्रही तीच. घरात दोनच हात असतील तर एक काहीतरी सोडावं लागतं.

आता भरपाईचं बघू. शासनाचा निर्णय आहे की वन्यप्राण्यानं पिकाचं नुकसान केलं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं. मग वनखातं, कृषी आणि महसूल यांची माणसं येऊन पंचनामा करतात. कागदावर सोपं आहे. पण अर्ज लिहायचा कोणी, सातबारा आणायचा कधी, पाड्यावरून रेंज ऑफिसला जायचं कोणत्या गाडीनं? दोन पायलीच्या नुकसानीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवायची, म्हणून बहुतेक जण अर्जच करत नाहीत. मग सरकारदरबारी दिसतं की या भागात नुकसानच नाही.

सगळ्यात मोठी गोम पुढेच आहे. त्याच निर्णयात अट आहे की वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला भरपाई नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वन हक्काचे दावे अजून लटकलेले आहेत. कोणाचा दावा उपविभागीय समितीत पडून आहे, कोणाला कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला आहे, कोणाचा फेटाळला म्हणून अपील चालू आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलो ते याचसाठी. तळपायाची सालं निघाली, दावे मात्र संपले नाहीत. अशा माणसाचं पीक डुकरानं खाल्लं तर तो अतिक्रमणवाला ठरतो. डुक्कर मात्र पट्टा बघून शेतात शिरत नाही.

वन हक्क कायदा २००६ काय सांगतो ते लक्षात ठेवा. कलम ४(५): दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनात राहणाऱ्या आदिवासीला त्याच्या कब्जातल्या जमिनीवरून हलवता येत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो कसतो आहे आणि ज्याचा दावा दाखल आहे, त्याला चोर ठरवायचा अधिकार कोणाला नाही. जमिनीवर राहू द्यायचं, पेरू द्यायचं, त्याच्या पिकावर सरकारी जनावर पोसायचं आणि भरपाईच्या वेळी त्याला अतिक्रमणवाला म्हणायचं, हा कुठला न्याय?

हे फक्त आपल्याच डोंगरातलं दुखणं नाही. आपल्याच जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट आहेत. बघायला शहरातून माणसं येतात, फोटो काढतात, बरं वाटतं. पण काळवीट राखीव क्षेत्राच्या हद्दीत थांबत नाही, शेजारच्या शेतात कोवळं पीक खातं. तिथला शेतकरी आदिवासी नाही, त्याच्या हातात सातबारा आहे, तरी त्याचं रडगाणं आपल्यासारखंच. सोलापूर-नगरकडे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, त्यात लोकांच्या खाजगी जमिनी धरल्या. वर्षानुवर्षं लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करताना अडचणी आल्या, मग पुढे हद्द कमी करावी लागली. जनावर सगळ्या देशाचं म्हणायचं आणि त्याचं ओझं शेजारच्या शेतकऱ्यावर टाकायचं, ही सवय जुनी आहे.

काही शिकलेले लोक आपल्याला सांगतात, तुम्हीच जंगलात घुसलात, मग जनावर येणारच. त्यांना विचारा, मोठी मोठी झाडं तोडून ठेकेदारांनी नेली तेव्हा परवाना कोणी दिला होता? आणि जिथं आधी मोह, उंबर, जांभूळ, करवंद होतं तिथं सागाच्या रांगा कोणी लावल्या? साग विकायला चांगला, पण त्याच्याखाली जनावरानं खायचं काय? रानात खायला नसेल तर ते गावाकडेच येणार.

आपल्यातलेही काही जण म्हणतात, शेताला करंट लावा, प्रश्न मिटेल. साथींनो, हे करू नका. त्या तारेला रात्री आपलंच गुरू चिकटतं, शेजारचं पोर चिकटतं, आणि जनावर मेलं तर केस आपल्यावर होते. वन हक्क कायद्यानं आपल्याला पुष्कळ हक्क दिले, पण शिकारीचा हक्क दिलेला नाही. एका केसमध्ये अडकलेल्या माणसाचं घर कसं उघडं पडतं ते आपण बघितलं आहे. वाघदेवाला पुजायचं आणि रानाला करंट लावायचा, हे आपल्याला शोभत नाही.

मग करायचं काय? आमचं म्हणणं असं.

एक. भरपाईत राखणीची मजुरी धरली पाहिजे. जो वन्यप्राण्याच्या शेजारी शेती करतो आणि त्याला मारत नाही, तो रान राखायचं काम करतो. कामाला मजुरी असते, तिला भीक म्हणू नये.

दोन. ज्याचा दावा दाखल आहे आणि ग्रामसभेनं पडताळला आहे, त्याच्या पिकाला भरपाई नाकारता कामा नये.

तीन. एकेका शेताला कुंपण घालून डुक्कर फक्त शेजाऱ्याच्या शेतात जातं. शिवाराला मिळून एक कुंपण सरकारी खर्चानं हवं. आधी आपला हिस्सा भरा असं सांगणारी योजना ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठीच असते.

चार. चाऱ्याचं शेत करायचंच असेल तर ते रानात करा. सामूहिक वन हक्क मिळालेल्या गावांना कायद्यानं जंगल आणि वन्यप्राणी राखायचा अधिकार दिला आहे, व्यवस्थापनाचा आराखडाही ग्रामसभेनंच करायचा आहे. त्या आराखड्यात सागाऐवजी मोह, उंबर, आवळा, जांभूळ, करवंद आणि गवताचं कुरण लिहा. पाण्याचे डोह लिहा. मजुरी रोजगार हमीतून मागा. एवढं केलं म्हणजे डुक्कर नागली खायचं थांबेल असं आम्ही म्हणत नाही, त्यालाही गोड लागतं ते लागतं. पण त्याला दुसरीकडे काहीच नाही, अशी पाळी येऊ नये.

आणि आजपासून करायचं काम: प्रत्येक पाड्यानं एक वही करावी. कोणत्या रात्री कोणाच्या शेतात काय आलं, किती खाल्लं, माळ्यावर कोण होतं. शिकलेल्या पोरापोरींनी लिहावं, खाली अंगठा किंवा सही घ्यावी. नुकसान झालं की तीन दिवसांत अर्ज, एकट्यानं नको, पाड्यानं मिळून, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय रेंज ऑफिसातून उठू नका. दावा लटकलेला असला तरी अर्ज करा. नाकारला तर लेखी नाकारू द्या. तो कागदच आपल्याला पुढे लढायला उपयोगी पडेल.

दिवाळीनंतर निम्मा गाव द्राक्षाच्या कामाला उठून जाईल. त्याआधी, कापणी संपल्यावर, आपापल्या ग्रामसभेत या वह्या मोठ्यानं वाचा. एका पाड्याच्या सगळ्या रात्री जमेला धरा, मजुरीनं गुणा आणि ठराव करून तो आकडा प्रांतसाहेबांना पाठवा. आजवर रानाचा हिशोब आपल्याला दुसऱ्यांनी सांगितला. या खेपेला तो आपल्या वहीतून जाऊ द्या.

जिंदाबाद!