टपालहशील निराळे

पत्रकार दिन यंदाही यथासांग पार पडला. ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या ‘दर्पण’चे स्मरण झाले, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार पडले. ‘गौरवशाली परंपरा’ प्रत्येक वक्त्याने निदान दोनदा उच्चारली. या परंपरेतला एखादा जुना अंक वाचावा असे कोणा श्रोत्याच्या मनात आलेच, तर त्याने काय करावे हे मात्र कोणी बोलले नाही. अर्ज, ओळखपत्र, कोणा प्राध्यापकाचे शिफारसपत्र आणि शेवटी ‘संबंधित कर्मचारी रजेवर आहेत’ हा क्रम जाणकारांना पाठच आहे.

आता संस्थाही पुढारल्या आहेत म्हणा. एका नामवंत संस्थेने (नाव आम्ही कशाला घ्यावे, शिक्क्यावर आहेच) एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पत्रांची पाने स्कॅन करून जनतेला खुली केली आहेत. पाहायला फुकट. फक्त प्रत्येक पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संस्थेचे नाव तिरके उमटवले आहे, त्याखाली स्थापनेचे वर्ष, आणि त्याखाली ज्ञानप्रसाराची महती सांगणारे संस्कृत बोधवाक्य. पानावर सर्वांत सुवाच्य तेच.

शिक्क्याचा नेमही वाखाणण्याजोगा. अग्रलेखातला उपदेश तो सोडून देतो आणि नेमका जाहिरातींवर जाऊन बसतो. आमच्या मते जुन्या पत्रांत वाचण्यासारखे जे काही असते ते जाहिरातींतच. अग्रलेखांचे पुढे खंड निघतात, त्यांना प्रस्तावना मिळतात. तापावरच्या गोळ्यांचे आणि केशवर्धक तेलांचे खंड कोणी काढत नाही. तर अशाच एका जाहिरातीत गोळ्यांचे सारे गुण वाचता येतात, ‘टपालहशील निराळे’ हेही ठळक दिसते. किंमत तेवढी बोधवाक्याखाली. किती आणे, ते संस्था जाणे.

चोरी होऊ नये म्हणून शिक्का, असा खुलासा मिळाला. चोरी कशाची? निनावी लेखनावरचा हक्क आपल्या कायद्याने प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, नावानिशी असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. आगरकर १८९५ साली गेले. त्यांचा हक्क कधीच संपला, शिक्क्याचा तेवढा चिरंजीव. टिळकांना इंग्रजांनी मंडालेला धाडले, पण सहा वर्षांनी परत तरी आणले. आपल्या कपाटांना अशी मुदत नसते.

त्याच टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेची तार पुण्यातल्या माणसाला वाचायची असेल, तर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’वर वेलिंग्टनचे जुने सायंदैनिक मध्यरात्रीही उघडता येते. अर्ज नाही, पैसा नाही. ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’वर तर यंत्राने चुकीची लावलेली अक्षरे वाचकच बसून दुरुस्त करतात! उलट १८३८ साली मुंबईतच जन्मलेल्या ‘टाइम्स’च्या जुन्या फायली ‘प्रोक्वेस्ट’ या अमेरिकी कंपनीच्या भांडारात आहेत. आपल्या विद्यापीठाने वर्गणी भरली असेल तर दिसतील. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संग्रहात शोध फुकट, बहुतेक पाने उघडायला पैसे. व्यापारीच ते. पण त्यांची किंमत निदान शिक्क्याखाली नसते.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. ग्रंथालयांना पुस्तके पोचवण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचाही समावेश झाला. तेव्हापासून अंकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत पोचवायची असते. येताना फुकट आलेला अंक साठ वर्षांनी जाताना तरी फुकट जावा, एवढे सरकारला सुचायला हरकत नव्हती. असो. ते सुचेपर्यंत संस्थांनी एक करावे. स्कॅनिंग झालेले आहे, खर्चही होऊन गेला आहे, आणि बिनशिक्क्याच्या मूळ फायली त्यांच्याच संगणकात पडून असणार. त्या तेवढ्या उघड्या कराव्यात.