वाट पाहायची, पण किती?

सैन्यभरतीसाठी दोन-दोन वर्षे पहाटे उठून धावणारे काही तरुण मैदानी चाचणी पार करतात आणि वैद्यकीय तपासणीत अडकतात. नजर, सपाट तळवे, गुडघ्यांची ठेवण ही कारणे सर्वांच्या परिचयाची. एक कारण मात्र असे, की ते घरी सांगायचीही चोरी. एका बाजूचे वृषण खाली उतरलेलेच नसते. ते जांघेत अडकलेले असते. शस्त्रक्रियेने हा दोष दूर होईपर्यंत उमेदवार अपात्र ठरतो. दोष जन्मापासूनचा, आणि कळतो अठराव्या-विसाव्या वर्षी!

वृषणे गर्भावस्थेत पोटात तयार होतात आणि जन्माआधी वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांमध्ये हा प्रवास अपुरा राहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. त्यातील बहुतेकांची वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपसूक उतरतात. म्हणूनच जन्मतः 'थोडी वाट पाहा' हा सल्ला योग्यच असतो. (दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील तर मात्र थांबता येत नाही, तातडीच्या तपासण्या कराव्या लागतात.) परंतु सहा महिन्यांनंतर वृषण स्वतःहून उतरण्याची शक्यता फारच थोडी. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हावी, असे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शन आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा 'मोठा झाला की उतरेल' हा दिलासा मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहतो.

घाई कशासाठी? वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. पोटातील वा जांघेतील उष्णतेत शुक्रपेशींच्या मूळ पेशी क्षीण होऊ लागतात. कर्करोगाचा धोकाही वाढतो. स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 17 हजार पुरुषांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून थोडा अधिक, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. हा कर्करोग मुळात दुर्मीळ आहे, हे खरे. पण फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता सरकारी व्यवस्थेकडे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाला. त्याच्या मूळ यादीत नऊ जन्मदोष आहेत: दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष इत्यादी. न उतरलेले वृषण त्यात नाही. मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असण्याचा दोषही नाही. तरीही पथकांना अशी मुले आढळतात आणि त्यांच्यावर शस्त्रक्रियाही होतात. आयुष्मान भारत योजनेतही ही शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. म्हणजे अडचण पैशाची कमी, वेळेची अधिक. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. वर्षभराचे मूल अंगणवाडीत बसत नाही. आणि शाळेतील मुलगा चारचौघांत चड्डी उतरवायला तयार होत नाही, यात त्याचा काय दोष? आशा कार्यकर्त्यांच्या तिसऱ्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या गृहभेटी 2018 पासून सुरू झाल्या. त्यांचा भर पोषण, वाढ आणि लसीकरणावर आहे.

शहरातील सुशिक्षित घरांतही चित्र फार निराळे नाही. तेथे बालरोगतज्ज्ञ असतो, वजनाचा आलेख असतो, पण लंगोट उघडला जाईलच याची खात्री नसते. शंका आलीच तर पालक आधी सोनोग्राफीकडे धावतात. वास्तविक अनुभवी हाताची तपासणी तिच्याहून अधिक उपयोगाची. गार हात लागताच वृषण वर ओढले जाते, म्हणून बाळ उबदार व शांत असताना तपासावे लागते. असे वर-खाली होणारे वृषण म्हणजे हा दोष नव्हे. त्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, दरवर्षी पाहणे पुरते.

सुदैवाने एक भेट बहुतेक कुटुंबांची ठरलेली असते: नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसीची. मूल समोर असते, आई सोबत असते, शस्त्रक्रियेची योग्य मुदत अजून हातात असते. त्या दिवशी दोन मिनिटे तपासून माता-बालक कार्डावर 'दोन्ही वृषणे जागेवर' एवढी नोंद करायला नवी योजना लागत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.