आम्हाला गरीबसुद्धा गुणी लागतो

नाताळच्या आठवड्यात आमच्या मंडळ्यांत ब्लँकेटे वाटली जातात. नाव पुकारले जाते, हात जोडले जातात, फोटो निघतो. रांगेत म्हातारे, विधवा, शाळकरी मुले. सगळे जमेल तेवढे नीटनेटके होऊन आलेले. त्याच वेळी फाटकाशी एक जण झोकांड्या खात उभा असतो. तोंडाला हातभट्टीचा भपकारा, पायावर चिघळलेली जखम, जखमेवर माश्या. एसटीच्या भाड्याला पैसे मागतो. गेल्या रविवारीही हेच सांगून मागितले होते. दिले तर कमी दिले म्हणून शिव्या घालतो. त्याला हाकलायचे काम वॉचमनवर सोपवून आम्ही आत जातो आणि देवाच्या प्रीतीची गीते गातो.

यात दोष त्या वॉचमनचा नाही. आम्ही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी दयेला पात्रता परीक्षा लावली आहे. भुकेला चालेल, पण उद्धट नको. आजारी चालेल, पण त्याचा वास येता कामा नये. मदत घेऊन झाली की त्याने सुधारावे, आणि आमचे नाव चार लोकांत घ्यावे. अशा सौद्याला आम्ही सेवा म्हणतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बघून बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. तरी थांबला तो शोमरोनी. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तिथे त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवले आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला. तो जखमी सज्जन होता की दारुडा, शुद्धीवर आल्यावर त्याने आभार मानले की शोमरोन्याचा हात लागला म्हणून तोंड फिरवले, यातले काही येशूने सांगितले नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतले नऊ आभार न मानताच गेले. त्यांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो तुरुंगातल्या माणसाच्या जागी स्वतः उभा राहतो. तो कैदी निर्दोष होता, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

अशी करुणा अंगात आपोआप येत नाही, ती शिकावी लागते. पंडिता रमाबाईंसारखी विदुषीही ती शिकली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचे लंडनच्या फुलम भागात एक आश्रयगृह होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे सेवा चाले. हे लोक अशा बायकांसाठी एवढे का झिजतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेली आणि आता ज्याच्यासोबत राहते तो नवराही नसलेली ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो. रमाबाई हे विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि बायका आणल्या, पुढे केडगावच्या मुक्तिसदनात गुजरातेतल्या दुष्काळग्रस्तांनाही आसरा दिला. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उघडले. असे घर कोणी हारतुऱ्यांच्या आशेने उघडत नाही.

आज कायदाही आमच्या पुढे गेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले, आणि इंग्रजी मजकुरात त्या मदतनिसाला नाव दिले ते चांगल्या शोमरोन्याचेच. पोलिसांचा ससेमिरा टाळायची सबब कायद्याने काढून घेतली. किळस मात्र कायद्याने जात नाही. ती काढायचे काम मंडळीचे होते, आणि मंडळी ब्लँकेटे मोजत बसली.

“पण तो फसवतो हो, मिळालेले पैसे दारूत घालतो,” असे तुम्ही म्हणाल. फसवत असेलही. मग पैसे देऊ नका. सोबत जाऊन त्याला जेवू घाला, जखम धुवा, सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढा. शिव्या दिल्या तर शिव्या देऊ नकोस असे बजावा. त्यात पाप नाही. माणसाला मर्यादा घालणे वेगळे, त्याला माणसातून उठवणे वेगळे. आणि खोटेपणाची एवढी चीड असेल, तर मंडळीच्या जमिनीच्या वादात खोटी प्रतिज्ञापत्रे करणाऱ्याला उपासनेत पहिला बाक का मिळतो? एसटीच्या भाड्याचे खोटे आम्हाला खुपते आणि सातबाऱ्याचे खोटे खपते, कारण पहिला खोटारडा फाटका आहे आणि दुसरा अर्पणाच्या थाळीत नोटा टाकतो.

वाचकहो, येत्या रविवारी उपासनेला जाल तेव्हा फाटकाशी थांबा. तिथे उभ्या असलेल्या माणसाचे नाव विचारा. तो कदाचित खोटे नाव सांगेल, कदाचित शिवीही हासडेल. तरीही त्याला जेवायला घाला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा घाला. एवढे जमत नसेल, तर शोमरोन्याची गोष्ट पोरांना सांगणे बंद करा. निदान त्यांना ढोंग तरी शिकवू नका.