एअरबॅगच्या पोटातली नाडी

गाडीच्या जाहिरातीत हल्ली 'सहा एअरबॅग' मोठ्या अक्षरांत झळकतात. सरकारी चर्चाही आकड्याभोवतीच फिरली: सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा 2022 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी बारगळला. पण एअरबॅग म्हणजे उशी नव्हे. पापणी लवायच्या आत, साधारण 30 मिलिसेकंदांत ती फुगते आणि त्या क्षणी कोणी तिला चिकटून असेल तर त्यालाच तडाखा देते. अमेरिकेत 1990 ते 2008 या काळात किरकोळ वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्याच धक्क्याने 290हून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती, कारण तिचा जोर पट्टा न लावलेल्या मध्यम बांध्याच्या पुरुषाला थोपवण्याच्या हिशेबाने ठरवलेला होता.

हा जोर आवरणाऱ्या उपायांपैकी एक अगदी साधा आहे. एअरबॅगच्या आत शिवलेली कापडी नाडी. अभियंते तिला टेदर म्हणतात. ती नसेल तर पिशवी चेंडूसारखी थेट तोंडावर येते. ती ताणली गेली की पिशवी ठरावीक अंतरावर थांबते आणि रुंद, चपटी पसरते. काही रचनांत हीच नाडी वायू सोडणाऱ्या झडपेला जोडलेली असते. पिशवी पूर्ण उघडली, तर ताणलेली नाडी झडप बंद करते. मध्येच मुलाचे डोके आडवे आले, तर नाडी सैल राहते, झडप उघडी राहते आणि वायू बाहेर निसटतो. संगणकाला विचारायची गरजच नाही, हे मला यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

सगळ्यांनी पट्टा लावला तर या कसरतीची गरज काय, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या त्या मृतांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. पण मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय असलेल्या देशात रचना माणसांच्या चुका गृहीत धरूनच करायला हवी. सेन्सर हे काम करतील, असेही म्हटले जाईल. करतील, पण स्वस्त गाडीत काटछाट आधी त्यांचीच होते. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनसीएपीच्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्यांचे पुतळे पट्टा लावून, नीट बसलेले असतात. एअरबॅगच्या अगदी जवळ झुकलेल्या पुतळ्यावरही ती फुगवून पाहावी आणि तो निकाल ताऱ्यांत धरावा. तोवर 13 वर्षांखालील मुलांना मागच्याच सीटवर बसवा आणि गाडी चालवताना छाती व स्टीअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा.