दस्तरखान : शाबानमधला एक रविवार



शाबान लागला की आपल्या घरांतून एकच बोलणं सुरू होतं. समोसापट्टी कुठून आणायची, खिमा किती सांगायचा, कांदा स्वस्त आहे तोवर भरून ठेवायचा का? त्याच बरोबर मनात एक हिशेब चालू असतो. दिवसभर नोकरी, मुलांच्या परीक्षा तोंडावर, त्यात रोजा. संध्याकाळचं सगळं जमणार कसं?

तीन वर्षांपूर्वी मीही हाच हिशेब मांडला होता आणि त्याचं उत्तर म्हणून फ्रीजर गच्च भरला. आठ-दहा रात्री जागून तीनशे समोसे केले, रोल केले, कटलेट केले. समोसे एकाच मोठ्या पिशवीत घातले. पहिल्या इफ्तारला पिशवी काढली तर समोशांचा दगड झालेला. सुरीने सोडवायला गेले तर निम्मे फाटले. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सगळं तयार होतं म्हणून रोज चार प्रकार तळले जाऊ लागले. मगरिबची अजान व्हायची तेव्हा माझ्या एका हातात खजूर आणि दुसऱ्या हातात झारा असायचा. मुलगी एकदा म्हणाली, "मम्मी, तुझी ताटली तर रोज रिकामीच असते." फ्रीजर भरला होता, पण माझा वेळ काही वाचला नव्हता.

तेव्हापासून एक नियम केला आहे. फ्रीजर वेळ वाचवण्यासाठी आहे, पदार्थ वाढवण्यासाठी नाही. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या बहिणींनी एकच रविवार ठरवावा, सकाळी दहा ते दुपारी दोन. करायच्या गोष्टी फक्त चार. सामान आदल्या दिवशीच आणून ठेवावं.

पहिलं, हिरवं वाटण. पाव किलो आलं, पाव किलो लसूण, मूठभर मिरच्या आणि कोथिंबिरीची एक मोठी जुडी. थोडं मीठ आणि तेल घालून, पाणी शक्यतो न घालता वाटावं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठलं की वड्या काढून पिशवीत ठेवाव्यात. साधारण एक वडी म्हणजे एक मोठा चमचा. भाजी, सालन, डाळ, काहीही करताना थेट कढईत टाकता येते. कोकणातल्या बहिणी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटणही असंच ठेवू शकतात. नारळाच्या दुधाचं तयार सालन मात्र गोठवू नये, ते गरम करताना फाटण्याची भीती असते. वाटण गोठवा, दूध ताजं काढा.

दुसरं, तळलेला कांदा. दोन किलो कांदा पातळ चिरून लालसर तळावा आणि कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. गरम भरला तर वाफ धरते आणि कांदा मऊ पडतो. दोन किलोचा जेमतेम एक डबा होतो, पण पुलाव, हलीम किंवा खिमा करताना रोजची वीस-पंचवीस मिनिटं वाचतात.

तिसरं, शामी कबाब. एक किलो खिम्याला पाव किलो चण्याची डाळ. आलं-लसूण आणि खडा मसाला घालून शिजवावं, पाणी पूर्ण आटवावं आणि वाटून टिक्क्या कराव्यात. तीसेक होतात. अंडं आत्ता लावू नये, ते तळताना.

चौथं, कोरडा खिमा. एक किलो खिमा आलं-लसूण, मीठ, मसाला घालून सुका शिजवावा. अर्ध्यात बारीक चिरलेला कांदा आणि पुदिना घालून चाळीस छोटे समोसे भरावेत. उरलेल्या अर्ध्याची दोन चपटी पाकिटं करावीत. सहरीला मटार घालून परतलं की एका पाकिटात चार-पाच जणांचं भागतं.

समोसे आणि कबाब आधी ताटात एकमेकांना न चिकटतील असे मांडून दोन-तीन तास उघडे गोठवावेत आणि मगच पिशवीत भरावेत. माझ्या दगडाचं औषध एवढंच होतं. समोसे न वितळवता मध्यम आचेवर तळावेत. तेल फार तापलं तर वरून लाल होतात आणि आत थंड राहतात.

आमच्या पाच जणांच्या घरी एवढ्यात आठ इफ्तार निघतात. बाकीच्या दिवशी खजूर, फळं, चणे. आधी वाटायचं, लोक काय म्हणतील? पण घरच्या कुणीच तक्रार केली नाही. उलट दस्तरखानावरचं उरून दुसऱ्या दिवशी टाकलं जायचं ते थांबलं. इसराफ टाळायचा तर तो खरेदीच्या यादीपासूनच टाळावा लागतो.

आता काही गोष्टी काळजीच्या. आमच्या सासूबाईंचा या सगळ्यावर आक्षेप होता, "हे शिळंच की गं!" त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. जसं आत जाईल तसंच बाहेर येईल. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी गोठवण्यात अर्थ नाही. एकदा वितळलेलं कच्चं मटण बाहेर राहिलं असेल तर पुन्हा गोठवू नये. म्हणून खाटकाकडून आणलेलं मटणही एका वेळेला लागेल एवढंच वेगवेगळं बांधावं, आणि कच्चं खाली, शिजवलेलं वर ठेवावं.

पाकीट वितळवायचं तर ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सहरीला उठलात की संध्याकाळचं पाकीट खाली उतरवा, इफ्तारपर्यंत तयार असतं. गरम करताना सगळीकडून वाफ आली पाहिजे.

उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं आणि दह्याची ग्रेव्ही गोठवू नये. बटाटा भुसभुशीत होतो, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो आणि दही फुटतं. बटाट्याचे समोसे हवेत तर त्याच दिवशी करा.

दोन दरवाजांच्या फ्रीजमधला फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातो. तिथे हे पदार्थ महिनाभर चवीला चांगले राहतात. एका दरवाजाच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितकी थंडी धरत नाही, म्हणून तिथे निम्मंच करा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. पुन्हा रमजानच्या मध्यावर एक रविवार काढा.

वीज गेली तर दरवाजा उघडू नका. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. बर्फाचा कप्पा याहून बराच कमी. गावी जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं हे समजा आणि मन घट्ट करून टाकून द्या.

सासूबाईंशी आमची तडजोड झाली आहे. मसाला आणि कबाब फ्रीजरचे, रोटी आणि सालन रोज ताजं. आता शामीच्या टिक्क्या त्याच वळतात. माझ्या टिक्क्या त्यांना पसंत नाहीत.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक पाकिटावर चिकटपट्टी लावून पदार्थ, नग, तारीख आणि कसं करायचं ते लिहा. "शामी, १० नग, १२ शाबान. पंधरा मिनिटं बाहेर, अंड्यात बुडवून मंद आचेवर दोन्ही बाजू." मी हे लिहू लागले ते माझ्याच आठवणीसाठी. गेल्या रमजानमध्ये मला तापाने तीन दिवस उठवेना. कोणता मसाला कुठे, काय किती वेळ, हे घरात फक्त माझ्या डोक्यात असायचं. त्या दिवशी चौदा वर्षांचा मुलगा पाकीट हातात धरून मोठ्याने वाचत होता आणि त्याचे अब्बू कढईपुढे उभे होते. कबाब थोडे करपले. पण पावणेसातला दस्तरखान लागला आणि सासूबाई, मुलगी सगळे वेळेवर बसले.

मी बरी झाल्यावरही तळणाचं काम त्या दोघांकडेच राहिलं आहे. अजान होते तेव्हा मी मुलीच्या शेजारी बसलेली असते.

या शाबानमध्ये एक रविवार करून पाहा. काय जमलं, काय बिघडलं, ते जरूर लिहून कळवा.