आमच्या गावांचे कागद आम्हाला वाचता यावेत

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,



मी इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी आहे. कंधार आणि उदगीर या दोन तालुक्यांतल्या निजामकालीन इनाम जमिनींवर माझा पीएच.डी.चा प्रबंध चालू आहे. आराखडा मंजूर करताना समितीने उद्दिष्टे विचारली, गृहीतके विचारली, प्रकरणांची मांडणी दोनदा बदलायला लावली. मूळ कागद कोणत्या लिपीत आहेत आणि ते तुम्हाला वाचता येतात का, एवढे मात्र कोणी विचारले नाही. ही तक्रार एका समितीची किंवा एका विद्यापीठाची नाही. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीचे माझे बरोबरीचे संशोधक हेच सांगतात, म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे.

हैदराबाद संस्थानात 1884 पासून फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त होईपर्यंत आमच्या तालुका कचेऱ्यांचे बहुतेक लिखाण उर्दूत होत राहिले. गावपातळीवर कुलकर्ण्यांच्या दप्तरात मोडी होती. म्हणजे माझ्या पणजोबांच्या शेताची नोंद ज्या दोन लिप्यांत आहे, त्यांतली एकही मला शाळेत, महाविद्यालयात किंवा पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये कोणी शिकवली नाही.

त्यात कागद एका जागी नाहीत. उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत बीदर कर्नाटकात गेले, उदगीर उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले आणि 1982 साली लातूर जिल्हा झाल्यावर ते लातूरकडे आले. संस्थानच्या वरिष्ठ कचेऱ्यांच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. एका तालुक्यासाठी तीन राज्यांत अर्ज, तीन ठिकाणी ओळखपत्र, तीन ठिकाणी गाइडच्या सहीचे पत्र. रात्रीच्या गाडीने जायचे आणि सकाळी कळायचे की मागितलेला गठ्ठा आज निघणार नाही. ज्यांना फेलोशिप आहे त्यांचे भागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तेवढ्यासाठी तास बुडवावे लागतात, आणि बुडलेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत.

गठ्ठा निघाला तरी काय दिसते, ते जरा सविस्तर सांगते. पानावर वरच्या कोपऱ्यात फसली सन 1341. त्यात 590 मिळवले की 1931 येते. पण संस्थानचे फसली वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून धरायचे, त्यामुळे इस्फंदार महिन्यातली नोंद 1932 मध्ये जाते. खाली मजकूर शिकस्ता वळणात, घाईने ओढलेला. उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ब, प, त, न यांत फरक असतो तो केवळ नुक्त्यांचा. कारकुनाने नुक्ते गाळले की ‘बापू’ आणि ‘नानू’ ही दोन नावे हुबेहूब सारखी दिसतात. इनामाचा वारस बापू की नानू, हे मग पुढच्या-मागच्या पाच नोंदी ताडून ठरवावे लागते. शेवटी रक्कम. ती आकड्यांत नसून सियाक पद्धतीत, अरबी संख्याशब्दांच्या आखूड केलेल्या खुणांत. उर्दू उत्तम येणाऱ्यालाही त्या खुणा वेगळ्या शिकल्याशिवाय कळत नाहीत.

मी उर्दू शिकले ती देगलूर नाक्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर वही घेऊन बसायचे. छापील उर्दू झाली, हस्तलिखित सुरू झाले, तेव्हा ते स्वतःही भिंग घेऊन अडखळायचे आणि म्हणायचे, ‘बेटी, आधी तारखा आणि गावांची नावं काढ, बाकीचं पान आपोआप बोलायला लागेल.’ तसेच झाले. त्यांनी एक पैसा घेतला नाही. त्यांचे ऋण मी प्रबंधात मानणारच आहे. पण एका विद्यापीठीय पदवीचा पाया कोणाच्या भलेपणावर उभा राहावा, हे मला पटत नाही.

लिपी येत नसली की काय होते, ते हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचे प्रबंध चाळताना दिसते. आठवणी, मुलाखती, गौरवग्रंथ आणि आधीचे प्रबंध, एवढ्यावरच अनेकदा सगळा डोलारा उभा असतो. जानेवारी 1948 मधली उमरीच्या बँकेवरची कारवाई आपल्याला लढणाऱ्यांच्या तोंडून माहीत आहे, आणि ती तशी माहीत असायलाच हवी. पण त्या दिवसांत कचेऱ्यांनी एकमेकींना काय कळवले, कोणत्या गावाचा सारा थकला, कोण गाव सोडून गेले? रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करत होता. त्या वेळच्या लातूरच्या कोर्टकचेरीचा इतिहास कोणत्या कागदांवरून लिहायचा? मुलाखत देणारी पिढी आता जवळजवळ राहिली नाही. यापुढे कागदच बोलणार आहेत.

हे काम होऊ शकते, हे शासनानेच दाखवून दिले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी लागणाऱ्या नोंदी शोधताना मराठवाड्यात दीड कोटीहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. रेकॉर्ड रूम उघडल्या, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधून आणली, सापडलेल्या नोंदी स्कॅन झाल्या. त्या शोधाचे कारण मोठे होते. पण तेच गठ्ठे संशोधकासाठी उघडताना इतकी वर्षे अडचण कसली होती, हे मला आजही समजलेले नाही.

आयुक्त साहेब, त्या वेळी झालेले स्कॅनिंग संशोधकांना पाहता येईल अशी सोय करा आणि राहिलेल्या गठ्ठ्यांचे स्कॅनिंग थांबू देऊ नका. संचालक महोदय, हैदराबाद आणि बीदरच्या दप्तरातले आमच्या जिल्ह्यांचे कागद डिजिटल प्रतींच्या रूपाने मागवा. दोन्ही राज्यांशी बोलणी आपणच करू शकता, एकटा विद्यार्थी नाही.

कुलगुरू महोदय, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत कोर्सवर्क 12 ते 16 श्रेयांकांचे आहे. इतिहास, मराठी, समाजशास्त्राच्या संशोधकांसाठी त्यातले चार श्रेयांक मोडी आणि दप्तरी उर्दूला द्या. प्रबंधाला मुदत सहा वर्षांची. लिपी पहिल्या वर्षी आली तर उरलेली पाच वर्षे कामाला येतील. शिकवणारे कुठून आणायचे, हा प्रश्न नांदेड-उदगीरला तरी पडू नये. उर्दू शाळांचे निवृत्त शिक्षक इथे मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत, आणि शिंदे समितीसाठी काम केलेले मोडी वाचकही आहेत. त्यांना मानधन देऊन सन्मानाने बोलवा. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. फारसी साधने मुळातून वाचून त्यांनी शिवकाळ मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यांच्याच जिल्ह्यातल्या संशोधकाला आज स्वतःच्या गावाचे पाहणीपत्रक वाचायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

माझा प्रबंध पूर्ण होईलच. माझ्यामागून येणाऱ्यांसाठी पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या कोर्सवर्कचे वेळापत्रक ठरण्याआधी या पत्राचे उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
नांदेड