पोटातल्या जिवाणूंचा बाजार

पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय तुमच्या-माझ्या पोटाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा एका मित्राने कौतुकाने रिपोर्ट दाखवला. वीस-पंचवीस पानं, रंगीत तक्ते. शौचाचा नमुना कुरिअरने पाठवला, हजारो रुपये भरले आणि उत्तर आलं, 'तुमचे चांगले जिवाणू कमी आहेत.' खाली त्याच कंपनीच्या कॅप्सूल, तीन महिन्यांचा कोर्स. दोष काढणाराही तोच, उतारा विकणाराही तोच! गावाकडे याला भोंदूगिरी म्हणतात, पुण्यात 'गट हेल्थ' म्हणतात.

आणि या विषयातलं खरं विज्ञान चालतं कुठे? आपल्याच पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे दिसायला सडपातळ असलो तरी आपण मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. २०२३ च्या आयसीएमआर पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत.

२०१७ साली पुणे विद्यापीठ, एनसीसीएस आणि केईएमच्या संशोधकांनी मधुमेही आणि निरोगी लोकांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. फरक दिसला. पण अभ्यास लहान होता, आणि आधी जिवाणू बदलले की आधी साखर वाढली, हे अशा तुलनेतून ठरत नाही. शास्त्रज्ञ इतकं जपून बोलतात. विकणारे मात्र घरी बसून तुमचं भविष्य सांगतात.

मग पक्कं काय माहीत आहे? आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं पोषण त्यावर होतं, साखरेच्या नियंत्रणातही त्यांचा हातभार लागतो. चोथा कशात? ज्वारी-बाजरीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीत, पालेभाजीत. आपण ताटातून नेमकं हेच काढलं, जागेवर मैदा आणला आणि आता कॅप्सूल शोधतोय.

दुसरा घाव अँटिबायोटिकचा. गेल्या महिन्यात सर्दी झाली म्हणून मी एका मेडिकलमध्ये गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. काउंटरवरच्या पोराने न विचारता अँटिबायोटिकची स्ट्रिप कापून दिली. बहुतेक सर्दी व्हायरसची असते, त्यावर हे औषध चालतच नाही. पोटातले उपयोगी जिवाणू मात्र झोडपले जातात. कायदा नाही का? आहे ना. अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एच-१ यादीतल्या औषधांची तर २०१४ पासून रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळी नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची आहे. वही आहे, पण ती उघडून बघतो कोण?

म्हणून अन्न व औषध प्रशासनाला सरळ सवाल. पुण्यात वर्षभरात किती दुकानांच्या या वह्या तपासल्या, किती जणांवर कारवाई झाली, ते आकडे दर महिन्याला जाहीर करा. आणि तपासणी करणाऱ्यानेच कॅप्सूल विकायची, या धंद्याला लगाम घाला.

साखरेच्या पेशंटनी ही पोस्ट वाचून गोळ्या बंद करू नयेत, ते डॉक्टरांना विचारूनच. बाकी आपण एवढं तरी करू. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही. आणि रिपोर्टचे हजारो रुपये वाचतील, त्यात वर्षभराची ज्वारी भरा.

तुमच्या भागातल्या मेडिकलचा अनुभव काय? दुकानाचं नाव न घेता कमेंटमध्ये लिहा.